शीडाच्या लहान कयाकवरील दोर आणि धातूची जोडणी अधिक सुरक्षित कशी करावी?

प्रश्न

माझी कयाक पॉलिथिनची व एका माणसाची असून तिच्या पुढच्या डेकवर सुमारे एक चौरस मीटरचे, मिटवता येणारे शीड आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमच्या नळीची आहे आणि तळाशी बिजागरीवर फिरते. तिला पुढून व दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर, म्हणजे स्टे, डेकवरील कड्यांना कॅरॅबिनरने, म्हणजे स्प्रिंगच्या तोंडाच्या धातूच्या कडीने, अडकवलेले आहेत. डेकवरील ही कडी पॉप रिव्हेटने, म्हणजे फक्त बाहेरून ठोकता येणाऱ्या पोकळ खिळ्यांनी, बसवलेली आहेत. शीड आवळण्याची व सैल सोडण्याची दोरी, म्हणजे शीट, कॉकपिटजवळच्या (बसण्याच्या जागेजवळच्या) कॅम क्लीटमधून, म्हणजे दातेरी जबड्यांत दोरी धरणाऱ्या पकडीतून, येते आणि पकडायला सोपे जावे म्हणून तिच्या टोकाला फास आहे. जोराच्या वाऱ्यात कडी उपटतील का, ही एक काळजी आहे. कयाक उलटल्यास पाण्याखाली मी यांपैकी कशात तरी अडकेन का, ही दुसरी. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

दुसऱ्या काळजीपासून करावी. कडे उपटले तर बहुतेक वेळा शीड गमावून वल्ह्याने परतता येते; लाइफ जॅकेटचा पट्टा अडकला तर कयाकखालून बाहेरच येता येत नाही.

शीटच्या टोकाचा फास आजच सोडावा. त्यात मनगट किंवा पाऊल सहज जाते. पकड हवी असल्यास थोडी जाड दोरी घ्यावी, टोक मात्र मोकळे ठेवावे. त्यानंतर कॅरॅबिनर काढावेत. त्यांचे तोंड बाहेरून दाबले की आत उघडते, त्यामुळे अंगावरचा पट्टा किंवा एखादी सैल दोरी नुसत्या दाबाने आत शिरते आणि तोंड मागे बंद होते. ताण असताना ती ओल्या हातांनी सोडवणे फार कठीण जाते. त्यांच्या जागी डायनीमाच्या, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याच्या, दोरीचे मऊ शॅकल (दोरीचेच बनवलेले, उघडता येणारे जोडकडे) वापरावेत. जोडणीच्या पिना निसटू नयेत म्हणून त्यांत घातलेल्या बारीक रिंगा कपड्यात अडकतात, म्हणून त्यांवर टेप गुंडाळावी. मात्र ती अधूनमधून काढून आत पाहावे, कारण हवा न मिळणाऱ्या खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात.

पुन्हा कयाकवर चढताना छाती डेकवरून घासत जाते. त्या पट्ट्यात एकही उंच कडे किंवा क्लीट नसावे, आणि आतल्या बाजूस पायांजवळ येणाऱ्या बोल्टच्या टोकांना डोम नट, म्हणजे गोल टोपीचे नट, लावावेत.

प्रतिसाद २

कड्यांच्या मजबुतीबद्दल थोडे गणित मांडतो. ताशी 36 किलोमीटर वाऱ्यात एक चौरस मीटर शीडावर साधारण 8 किलोचा भार येतो. हा भार डेकपासून 75 सेंटिमीटर उंचीवर एकवटला आहे, स्टे 60 सेंटिमीटरवर बांधला आहे आणि त्याचे कडे डोलकाठीच्या तळापासून 25 सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर तरफेच्या नियमाने स्टेवरचा ताण 25 किलोच्या आसपास जातो. वारा दुप्पट झाला की हे सारे चौपट होते; झुळकीचे हिसके वेगळेच. म्हणून कडी डोलकाठीपासून जितकी दूर नेता येतील तितकी न्यावीत. एवढ्यानेही ताण बराच उतरतो.

पॉलिथिन लवचिक असते व सततच्या ताणाखाली हळूहळू ओढले जाते, त्यामुळे साधा रिव्हेट भोक मोठे करत बाहेर येतो. त्याऐवजी 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे आरपार बोल्ट, आतून रुंद वॉशर किंवा कोपरे गोल केलेली पट्टी आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) वापरावेत. पॉलिथिनला सीलंट नीट चिकटत नाही; ब्यूटाइलची (चिकट रबराची) टेप किंवा निओप्रिनचा वॉशर दाबून बसवल्यास पाणी अडते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचे काही बसवत असाल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पुढच्या स्टेच्या कड्यापर्यंत आतून हात पोहोचत नाही. तसेच शीटच्या टोकाला आठाच्या आकड्याची गाठ ठेवावी का?

प्रतिसाद २

आतून पसरणारे रबरी वेल नट मिळतात, पण या जागी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. वारा समोरून आला तर डोलकाठीला आपल्या चेहऱ्याकडे पडण्यापासून हाच स्टे अडवतो. त्यामुळे कडे हात पोहोचेल तेथवर मागे आणावे. गाठ ठेवावी, नाहीतर शीट क्लीटमधून निसटून हाताबाहेर जाते.

प्रतिसाद १

गाठीबाबत माझे मत वेगळे आहे. वारा मागून असताना शीट पूर्ण सुटली तर शीड पुढे वळून फडफडते आणि भार जवळजवळ नाहीसा होतो. गाठ क्लीटपाशी अडली की शीड अर्धवट भरलेले राहते व कयाक पाण्यात आडवी होते. गाठ ठेवायचीच असेल, तर शीड नाळेच्या, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाच्या, पुढपर्यंत वळेल एवढी लांब शीट ठेवून मगच ती मारावी.

दाते असलेला धारदार चाकू जॅकेटवर दोन्ही हातांना सापडेल असा ठेवावा, कारण डायनीमा बोथट पात्याने कापला जात नाही. सर्व बदल झाल्यावर शांत पाण्यात, डोलकाठी तळाला लागणार नाही एवढ्या खोलीत, सोबती जवळ ठेवून शीड उभे असताना मुद्दाम उलटून पाहावे. एकदा शीट क्लीटमध्ये अडकवून आणि एकदा मोकळी सोडून. उलटे असताना क्लीटमधून शीट एका हिसक्यात सुटत नसेल, तर क्लीटची जागा किंवा कोन बदलावा.