२७ वर्षांच्या मुलाची दारू: आई-वडिलांनी मदत कुठपर्यंत करायची? (ऐरोली / ठाणे)

दिवेलागण

आतेभावाच्या घरासाठी विचारतेय, त्यांच्या परवानगीने. घर ऐरोलीत. मुलगा २७ वर्षांचा, अविवाहित, महापेला नोकरी, ती अजून टिकून आहे. रोज दोन क्वार्टर, रविवारी त्याहून जास्त. गेले काही महिने सकाळी उठल्याउठल्याही लागते, कारण हात इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मागे एकदा घरच्या घरी बंद केली तेव्हा दुसऱ्या दिवशी फिट आली होती. पगार दहा तारखेच्या आत हप्त्यांत संपतो. मग सकाळी आई पैसे देते आणि वडिलांनी क्रेडिट कार्ड आतापर्यंत दोनदा भरलंय.

घरात वाद असे: आईने पैसे एकदम बंद करावेत का? कोणीतरी वरणात मिसळायच्या गोळ्या सुचवल्यात, त्या द्याव्यात का? एक केंद्र "गाडी पाठवून मुलाला घेऊन जातो" म्हणतंय, त्यांना बोलवावं का? कर्ज कोणी फेडायचं? आणि घराबाहेर काढायची वेळ आली तर?

दोघंही साठीच्या पुढचे आहेत. उपदेश नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

येऊरची_पाऊलवाट

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ती फिट. सकाळची थरथर आणि पूर्वी आलेली फिट, ही दोन लक्षणं असलेल्या माणसाची दारू घरी एकदम बंद करायची नाही. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि मेंदू तोल राखायला उलट्या बाजूने जोर लावत असतो. दारू अचानक काढली की तो जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या. फिटचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, आपण कुठे आहोत ते न कळणं, ताप, नाडी जोरात. हा भ्रम जिवावर बेततो. एकदा फिट आलेल्याला पुन्हा येण्याची शक्यता जास्त, म्हणून याचं डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवणं, भरती करूनच व्हायला हवं.

त्यामुळे आईच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: रोख द्यायचं बंद करायचंच, पण पैसे बंद करायची तारीख आणि डॉक्टरांकडे जायची तारीख एकच ठेवा. आज रागाने बंद केलं आणि भरती पुढच्या आठवड्यात, असं झालं तर मधल्या दिवसांत फिट येऊ शकते. मात्र ही तारीख या आठवड्यातली हवी, "दिवाळीनंतर बघू" नको.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा मानसोपचार विभाग असलेलं कुठलंही मोठं रुग्णालय चालेल. याला थेट मनोरुग्णालयात नेण्यापेक्षा जिथे फिजिशियन आणि अतिदक्षता विभाग आहे अशा जनरल हॉस्पिटलमध्ये न्या. ऐरोलीहून कळवा जवळ पडेल, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असेल तर वाट न बघता वाशीकडे वळा.

अजून एक. असा मुलगा गळून गेला की घराजवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे तिरळे होतात, चाल अडखळते, गोंधळ होतो आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. "हा रोज पितो, आधी थायमिन द्या" एवढं वाक्य आई-वडिलांनी पाठ करून ठेवावं. लाजेपोटी दारूचा उल्लेख टाळला जातो, तिथेच घात होतो.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, वेळ बघा, १०८ लावा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे, यांपैकी काही दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालय.

औषधांची_पेटी

वरणातल्या गोळ्यांबद्दल. बहुतेक वेळा ती डायसल्फिराम असते. दारू शरीरात मोडताना मधला एक विषारी पदार्थ तयार होतो, त्याचा पुढचा निचरा ही गोळी अडवते. वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपल्या पोटात ही गोळी आहे हे माहीत असलेला माणूस त्या भीतीने पीत नाही, तिचा उपयोग तेवढाच. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार आणि काय होतंय हे ना त्याला कळणार ना डॉक्टरला. यात माणसं दगावली आहेत. शेवटची दारू पोटात जाऊन किमान १२ तास झाल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, यकृत तपासावं लागतं, आणि थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. रोज सकाळी पिणाऱ्याला लपवून द्यायची म्हणजे विषप्रयोगच. ज्याने सुचवलंय त्यालाही हे सांगा.

पुढे मुलाच्या संमतीने डॉक्टरांनी दिली तर घरातली आसवं-अरिष्टं, होमिओपॅथीचे अर्क, अल्कोहोलवालं कफ सिरप आणि माउथवॉश बाजूला काढा. द्राक्षासवातही अल्कोहोल असतं.

डिटॉक्सला साधारण पाच-सात दिवस लागतात, क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी रोज कमी करत नेतात. ती डॉक्टरांच्या मापानेच. तीच गोळी दारूवर घेतली तर श्वास मंदावतो, म्हणून घरात त्याच्या हातात पाकीट द्यायचं नाही. त्यानंतरचं काम लांबचं: नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी ओढ कमी करणारी औषधं, समुपदेशन, आणि निदान वर्षभर फेऱ्या. आठ दिवसांत हात स्थिर झाले की घरच्यांना वाटतं सुटला, मग औषधं आणि फेऱ्या दोन्ही थांबतात.

कोर्टनाका

गाडी पाठवणाऱ्यांना नाही म्हणा. सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उचलून कोंडणं हा गुन्हा आहे, आई-वडिलांनी फॉर्मवर सही केली तरी.

कायदेशीर मार्ग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. कलम ८९ खाली रुग्णाच्या संमतीशिवायही भरती करता येते, पण त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो (रुग्णाने कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक ही भूमिका घेऊ शकतात). एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी स्थिती हवी. कमाल ३० दिवस. नुसतं "फार पितो" एवढ्यावर हे होत नाही. इथे मुलगा नोकरीवर जातोय, त्यामुळे बहुधा समजावूनच न्यावं लागेल.

केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणावं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, पहिल्या आठवड्यात फोन आणि भेट होते का, बिलाचा तपशील मिळेल का, हे विचारा. राहायच्या खोल्या बघू देत नसतील तर तिथून परत फिरा. साखळी किंवा मार यांना कायद्यात जागा नाही, "आमची पद्धत कडक आहे" याचा अर्थ नीट विचारून घ्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथे कुटुंबालाही उपचारात धरतात, त्यांच्याशी बोलून बघा. आरोग्य विम्याची पॉलिसीही उघडून वाचा, व्यसनाच्या उपचाराचा खर्च बऱ्याच पॉलिसी वगळतात.

घराबद्दल: घर आई-वडिलांच्या स्वकष्टार्जित मालकीचं असेल तर सज्ञान मुलगा त्यांच्या मर्जीने राहतो, हक्काने नाही. मारहाण किंवा धमकी झाली तर ११२. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, मदतीला १४५६७. पण ही सुरक्षेसाठीची वाट आहे. उपचाराला आणायचं साधन म्हणून "बाहेर काढतो" म्हणू नका, कारण तो खरंच बाहेर पडला तर फिट येणारा मुलगा एकटा कुठेतरी असेल.

हप्त्याचा_हिशेब

कर्जाचं सरळ आहे. वडील सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर सज्ञान मुलाच्या कर्जाची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे.

कार्ड भरल्याने मदत का होत नाही ते बघा: बाकी भरली की तीच मर्यादा पुन्हा मोकळी होते, म्हणजे वडिलांनी पुढच्या महिन्याच्या बाटल्यांची सोय करून दिली. भरायचंच असेल तर मुलाने बँकेला कार्ड बंद करायचं लेखी कळवल्यावर, थेट बँकेत, आणि एकदाच. वडिलांच्या फोनचा यूपीआय पिन बदला, एकत्र खातं असेल तर वेगळं करा, दागिने लॉकरमध्ये. जेवण, औषध, ओपीडीला जायची रिक्षा हे आई-वडिलांनी स्वतः द्यावं, रोख हातात नाही. ऑफिसला "ताप आहे" असा फोन त्यांनी करायचा नाही, गैरहजेरीचं उत्तर मुलाने द्यायचं. बाइकची चावी मात्र काढूनच घ्या, त्यावर वाटाघाट नको.

दिवेलागण

खूप आभार. गोळ्यांचा विषय आजच बंद झाला. अडचण एवढीच की तो म्हणतो, "मी आजारी नाही, येणार नाही."

येऊरची_पाऊलवाट

मग आधी आई-वडिलांनी जावं. मुलाशिवायही ओपीडीत सल्ला मिळतो. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ यांवरही मराठीतून बोलता येतंय का ते विचारून घ्या. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची जुनी संस्था आहे.

बोलायची वेळ महत्त्वाची. प्यायलेला असताना नाही आणि थरथरत असतानाही नाही. ऑफिसला निघायच्या आधी किंवा एखाद्या त्रासाच्या दुसऱ्या दिवशी, तो शांत असताना. एकानेच बोलावं, मामा-काका गोळा करून पंचायत बसवू नये. व्यसनी, दारुडा हे शब्द नकोत, डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगा: "काल सकाळी तुझ्या हातातून कप पडला. मागच्या फिटेनंतर मला भीती वाटते. गुरुवारी दहाला कळव्याची ओपीडी आहे, मी बरोबर येतो. त्या दिवसापासून आई पैसे देणार नाही." एवढं बोलून थांबायचं. तो "थरथरीसाठी येतो, दारूचं बोलू नका" म्हणाला तरी हो म्हणा, थरथरीसाठी आलेल्यालाही डॉक्टर तपासतातच. नाही म्हणाला तर भांडू नका, चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच, पुढच्या तारखेसह. पैसे बंद करायची तारीखही त्याबरोबर पुढे सरकेल, पण दोनदापेक्षा जास्त नको. तिसऱ्यांदा नाही म्हणाला तर रोख थांबवायची, आणि पुढचे चार दिवस घरात कोणीतरी सोबत, १०८ हाताशी.

तो न पिता घरी आला त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर जेवायला बसा, आणि तेव्हा दारूचा विषय काढू नका.

औषधांची_पेटी

गुरुवारी जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती, सकाळी पहिली किती वाजता, शेवटची कधी घेतली, फिट कधी आली, कावीळ झाली होती का, चालू औषधं. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि दोन दिवसांचे कपडे पिशवीत असू द्या, म्हणजे तिथल्या तिथे भरती करायची वेळ आली तर "घरी जाऊन येतो" म्हणायची पाळी येणार नाही.