मुलूला राहिलायत का? अनुभव लिहा

मलेशियाच्या सारावाक राज्यात, बोर्निओ बेटावरच्या गुनुंग मुलू नॅशनल पार्कजवळ ज्यांनी ज्यांनी मुक्काम केलाय त्यांनी इथे लिहा प्लीज. गुहांचे फोटो नेटवर पोत्याने मिळतात, पण तिथे राहणं कसं असतं, रात्री काय करायचं, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का, हे मराठीत मला कुठेच सापडलं नव्हतं. मीच सुरुवात करते.

मिरी शहरातून छोटं एटीआर विमान जातं, जेमतेम अर्धा तास. खाली आधी पामच्या बागा, मग जंगलच जंगल आणि त्यात नद्यांची तपकिरी वळणं, आणि उतरायच्या जरा आधी हिरव्या डोंगरातून पांढरे कडे दिसायला लागतात तेव्हा सगळं विमान एका बाजूच्या खिडक्यांकडे झुकतं. आमचं हॉटेल मेलिनाऊ नदीच्या काठी, पूर्ण लाकडी खांबांवर उभारलेलं, एका खोलीतून दुसरीकडे जायचं तर फळ्यांच्या पुलांवरून. नदी चढली की पाणी खालून निघून जावं म्हणून तसं. बरोबर सासूबाई होत्या, त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे डिअर केव्हपर्यंतच्या ३ किलोमीटरची धास्ती होती. पण ती वाट बहुतेक सगळी सपाट फळ्यांची आहे, थांबत थांबत त्या आरामात आल्या आणि गुहेच्या तोंडाशी उभं राहून किती वेळ नुसत्या वर बघत होत्या. छत १०० मीटरच्याही वर आहे हो! आतून बाहेर बघताना गुहेच्या कडेची जी आकृती दिसते ती हुबेहूब अब्राहम लिंकनची, गाइडला सांगावंसुद्धा लागलं नाही.

एक महत्त्वाचं, आतल्या कठड्यांना हात लावताना आधी टॉर्च मारा. वटवाघळांच्या विष्ठेवर जगणारं किड्यांचं अख्खं जग आहे तिथे आणि त्यातले बरेच जण कठड्यावरच फिरत असतात. वासही उग्र आहे, अमोनियाचा, पण थोड्या वेळाने नाक सरावतं.

*

आमचाही अनुभव लिहितो. रोज संध्याकाळी डिअर केव्हमधून वटवाघळांचे थवे निघतात, पण आम्ही गेलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी ती बाहेर आलीच नाहीत. धो धो पाऊस. मुलगी रडकुंडीला आली होती, घरून निघाल्यापासून तिचं तेवढंच चाललेलं, वटवाघळं वटवाघळं. जोराचा पाऊस असला की ती सहसा निघत नाहीत हे बुकिंग करताना कोणीच सांगत नाही, म्हणून इथे ठळक लिहितोय: एक रात्र ठेवून मुलूला जाऊ नका!

दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं. गुहेसमोर बाकं मांडलेली आहेत, तिथे पाचच्या आधीच जाऊन बसलो. आधी एक बारीक पट्टा निघाला, मग दुसरा, मग पट्ट्यांच्या मोठाल्या कड्या होऊन गोल फिरत जंगलावरून निघाल्या, त्या तुटतायत, परत जुळतायत, आणि शांत बसलात तर पंखांचा आवाज खालपर्यंत येतो. वीस-तीस लाख असतील असा अंदाज सांगतात. वर बॅट हॉक नावाचा एक शिकारी पक्षी टपून होता, तो घुसला की सगळी कडी एका अंगाला वळायची. म्हणूनच त्या अशा वेटोळ्यांनी उडतात, एकटं पडलेलं वटवाघूळ शिकाऱ्याला सोपं. मुलीने एकही फोटो काढला नाही, मोबाइल माझ्या हातात दिला आणि नुसती बघत राहिली.

परत येताना अंधार पडतो, तीच वाट आपोआप नाइट वॉक होते. काठीकिडे, झाडबेडूक, चमकणारी बुरशी. प्रत्येकाकडे स्वतःचा टॉर्च हवाच.

*

मी एकटी गेले होते, हॉटेलात नाही, पार्कच्या हेडक्वार्टरच्या आवारातच खोली घेतली होती. साधी, स्वच्छ, पंखा, मच्छरदाणी. वर ज्या ताईंनी लिहिलंय तसं आरामाचं राहणं हवं असेल तर हॉटेलच बरं, पण माझ्यासारखं पहाटे उठून गिबनचे आवाज ऐकायला जंगलात शिरायचं असेल तर आवारात राहण्यासारखं सुख नाही. बाई म्हणून एकटीला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही हे मुद्दाम सांगते. गुहा बघायला गाइड लागतोच, त्यामुळे प्रत्येक फेरीत पाच-सहा जणांची सोबत आपसूक मिळते. नदीपलीकडे गावातल्या लोकांचे होमस्टेही आहेत, अजून स्वस्त, पण मी गेले तेव्हा वीज बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर आणि संध्याकाळपुरती होती, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तेव्हाच चार्ज करून घ्याव्या लागायच्या.

शाकाहारी मंडळींसाठी: तिथे रानातल्या नेच्याचे कोवळे कोंब परतून देतात, मिडिन म्हणतात त्याला, अप्रतिम लागतं, पण बऱ्याचदा त्यात बेलाचान असतं म्हणजे सुक्या कोळंबीची आंबवलेली चटणी. ऑर्डर देतानाच 'ताक नाक बेलाचान' म्हणायचं, म्हणजे बेलाचान नको. मग लसूण घालून करून देतात. मी रोज तेच आणि भात खाल्ला, कंटाळा नाही आला.

*

पिनॅकल्स कोणी केलंय का असं मला वैयक्तिक विचारलं होतं एकाने, तर इथेच लिहितो सगळ्यांसाठी.

गुनुंग आपी नावाच्या डोंगराच्या उतारावर चुनखडीचे सुळके आहेत, तेच पिनॅकल्स, ४५ मीटरपर्यंत उंच, धार अशी की जंगलात कोणी दाभणं उलटी रोवून ठेवलीयत. हॉटेलातून ते दिसत नाहीत, त्यासाठी आधी लांब होडीने नदीवर जायचं, पाणी कमी असेल तर उतरून होडी ढकलायची, मग साधारण ९ किलोमीटर सपाट चाल करून कॅम्प ५ ला मुक्काम. दुसऱ्या दिवशी खरा चढ. अंतर ऐकायला काहीच वाटत नाही, २.४ किलोमीटर फक्त, पण तेवढ्यात १२०० मीटर चढायचे आहेत आणि शेवटच्या टप्प्यात शिड्या, दोर आणि दगडाच्या धारांवरून पाय टाकत जायचं. सह्याद्रीत नियमित जाणाऱ्यालासुद्धा ह्याची दमट हवा जड जाते, घाम वाळतच नाही. आणि उतरणं चढण्यापेक्षा अवघड आहे, ह्यावर माझं ठाम मत आहे, कारण गुडघे थकलेले आणि प्रत्येक दगड पावसाने ओला.

गाइड वेळ लावून बघतो. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या खुणेपर्यंत पोचला नाहीत तर परत पाठवतो, तिथे वाद घालू नका, अंधारात त्या शिड्या उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आमच्यातल्या एकाला परत पाठवलं आणि तो खाली नदीत मस्त डुंबत बसला होता. हातमोजे न्या, चांगले जाड. जळवांसाठी लांब मोजे. जागा मोजक्या असतात, म्हणून हॉटेल, विमान काहीही बुक करायच्या आधी पार्ककडून पिनॅकल्सची तारीख पक्की करून घ्या.

*

मी भूगोल शिकवायचो, आता निवृत्त. हे असं का झालंय ते थोडं लिहितो, तिथे जाऊन बघताना मजा दुप्पट होते.

पार्कला ज्याचं नाव आहे तो गुनुंग मुलू, २३७६ मीटर, हा चुनखडीचा नाहीच, तो वालुकाश्माचा. शेजारचा आपी चुनखडीचा. मुलूवर पडलेलं पाणी आम्लधर्मी होऊन खाली येतं, ते चुनखडीला भिडलं की तिला विरघळवत आत शिरतं. प्रदेश हळूहळू उचलला गेला तशी नदी खाली उतरली आणि तिचे जुने मार्ग वर कोरडे राहिले, म्हणून गुहा एकावर एक मजल्यांनी आहेत. क्लिअरवॉटर केव्हची मोजलेली लांबी २०० किलोमीटरच्या वर गेलीय आणि मोजणी अजून चालूच आहे. १९७७-७८ मध्ये रॉयल जिओग्राफिकल सोसायटीची मोठी मोहीम इथे आली तेव्हा जगाला ह्याचा आवाका कळायला लागला, १९८१ मध्ये सारावाक चेंबर सापडलं, ६०० मीटर लांब आणि ४०० च्या वर रुंद एकच दालन. २००० साली जागतिक वारसा यादीत नाव आलं.

क्लिअरवॉटरच्या तोंडाशी गाइडला सांगून दगडाच्या सुया जरूर बघा. सगळ्या उजेडाच्या दिशेने तिरक्या आहेत, कारण सूक्ष्मजीव प्रकाश मिळेल त्या बाजूने दगड झिजवतात. लोक त्याच्या पुढ्यात उभे राहून सेल्फी काढतात आणि वर बघतही नाहीत, मला फार वाईट वाटतं. बाहेरच्या डोहात पोहता येतं, पाणी गार आणि नितळ.

*

घाईत लिहितेय. रोख रिंगिट मिरीतूनच घेऊन जा, मुलूत एटीएमच्या भरवशावर राहू नका. क्वालालंपूरहून जात असाल तरी सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, देशांतर्गत विमान असूनही पासपोर्ट दाखवावा लागतो. आणि परतीचं विमान पावसाने रद्द होऊ शकतं, आमचं झालं, पुढचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी असतं तर गेलंच असतं. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

*

परत मीच, सुरुवात केलेली. सगळ्यांचे खूप आभार, पिनॅकल्सचं वाचून नवऱ्याने बूट शोधायला घेतलेत.

एक राहिलं होतं. क्लिअरवॉटरला होडीने जाताना बातू बुंगानला थांबवतात, पेनान लोकांची वस्ती. पिढ्यानपिढ्या जंगलात फिरून शिकार आणि रानमेव्यावर जगलेले लोक, आता तिथे लाँगहाउसमध्ये स्थिरावलेले. बायका वेताच्या पिशव्या, मण्यांची कडी घेऊन बसलेल्या असतात. आमच्या होडीतले काहीजण घासाघीस करत होते, मला ते अजिबात आवडलं नाही, एका पिशवीची वीण बघितली तर कळतं किती दिवसांचं काम आहे ते. सासूबाईंनी तिथल्या एका आजींच्या शेजारी बसून वीण शिकून घ्यायचा प्रयत्न केला, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि होडीवाला दोनदा बोलवायला आला तरी दोघी उठेनात. होडी निघायची घाई करतात, तर आधीच सांगून ठेवा की इथे जरा जास्त वेळ हवाय.

अजून कोणी हेडहंटर्स ट्रेल ह्या जंगलवाटेने लिंबांग शहराकडे बाहेर पडलं असेल तर नक्की लिहा, कॅम्प ५ नंतरच्या वाटेबद्दल आणि पुढच्या होडीबद्दल ऐकायचंय.