मिसेस मेझल: ‘चार मिनिटांत कुणी स्टार होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

खडूस काकू
शेजारच्या धाग्यावर ‘निळी शाई’ यांनी फर्मान काढलंय की ‘मार्व्हलस मिसेस मेझल’ या स्टँड-अप विनोदकार बाईवरच्या अमेरिकन मालिकेचा शेवट ही परीकथा आहे. नायिका मिज, म्हणजे गॉर्डन फोर्डच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाची पगारी लेखिका, जाहिरातींच्या ब्रेकमध्ये उठून माइकपाशी जाते, चार मिनिटं बोलते आणि स्टार होते, असं म्हणे कुठेच घडत नाही. तिथे उत्तर मावेना, म्हणून इथे.

घडलंय. १७ फेब्रुवारी १९६५, विनोदकार जोन रिव्हर्स, जॉनी कार्सनचा ‘टुनाइट शो’ हा रात्रीचा गप्पांचा टीव्ही कार्यक्रम. तिलाही विनोदकार म्हणून नव्हे, लेखिका म्हणून बोलावलं होतं आणि तेही कार्यक्रम संपत आल्यावर. कार्सनने तिथेच सांगून टाकलं की तू स्टार होणार. आता गॉर्डन फोर्ड बघा. लेखकांना पाहुणे करायचं नाही हा नियम तो बायकोच्या शब्दाखातर मोडतो, पण राग म्हणून मिजला पाहुण्यांचा सोफा देत नाही. स्टुलावर बसवतो आणि लेखिका म्हणूनच ओळख करून देतो. नजर कुठे ठेवून लिहिलंय हे उघड आहे.

आणि चार मिनिटं कमी नसतात हो. २४० सेकंद. मिनिटाला चार-पाच हशे धरले तर सोळा ते वीस हशे, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे मिनिटभर तर लोकांच्या हसण्यातच गेलं. बोलायला उरली तीन मिनिटं, साधारण साडेचारशे शब्द. पहिला हशा पंधरा सेकंदांत आला नाही तर पुढचं सगळं घरंगळतं. एवढ्यात नवं काही जमत नाही, क्लबांमधून घासून गुळगुळीत केलेलंच चालतं. पाच सीझन ती बाई तेच तर करत होती!

निळी शाई
रिव्हर्सबाईंना रीतसर बोलावलं होतं, काकू. त्यांनी माइक बळकावला नाही. मिज ब्रेकमध्ये सरळ माइकपाशी जाऊन उभी राहते. तो माइक चालू कोण करतं? साउंडवाल्याने फेडर, म्हणजे आवाज वाढवायची पट्टी, वर केला नाही तर पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू जाणार नाही. कॅमेऱ्याची चौकट आधी ठरलेली नसते, दिवे टेबल-सोफ्यावर लावलेले असतात, वर चॅनेलच्या सेन्सॉरने मजकूर पाहिलेला नसतो. मालिकेत हे सगळं जादूने होतं. शिवाय मिजला मिळतं तसं, विनोद चांगले रंगल्यावर सोफ्यावर बोलावणं ही कार्सनने गाजवलेली रीत. तो ‘टुनाइट’वर आला १ ऑक्टोबर १९६२ ला आणि मालिकेत चालू आहे १९६१.

चुंबकफीत
दोघेही मुद्दा सोडून भांडताय. कार्यक्रम थेट असेल तर फोर्डला एकच उपाय, पुन्हा जाहिरात. आधी टेपवर घेतलेला असेल तर तो हसतमुखाने बसून राहील आणि नंतर मिजला कापेल. एवढी भीती कशाची?

खडूस काकू
कापेल? १९६१ मध्ये? कशाने, माउसने?

चुंबकफीत
ब्लेडने. अँपेक्स कंपनीची व्हिडिओ टेप १९५६ पासून होती, दोन इंच रुंद, सेकंदाला पंधरा इंच धावणारी. लोहकणांचा द्राव लावायचा, चित्र जागेवर धरणाऱ्या कंट्रोल ट्रॅकच्या रेघा उमटतात, भिंगाखाली नेमक्या रेघेवर कापायचं आणि मागून चिकटपट्टी. रेघ चुकली की घरच्या टीव्हीवर चित्र उडतं. पण होत होतं.

खडूस काकू
आणि आवाज? तो सोयीस्करपणे विसरलात. टेपवर आवाज नोंदवणारं हेड चित्राच्या हेडच्या पुढे सुमारे २३ सेंटीमीटरवर. म्हणजे चित्राच्या जागी कापलं की काढून टाकलेल्या भागाचा अर्ध्या सेकंदाहून जास्त आवाज पुढच्या चित्रावर येतो, आणि जोडलेल्या भागाचा तेवढाच सुरुवातीचा आवाज गायब. शांततेत कापलं तर लपतं. लोक खो खो हसत असताना कशात लपवणार?

निळी शाई
व्वा. मेझलच्या धाग्यावर स्प्लायसिंगचा, टेप कापून जोडण्याचा वर्ग. फी किती?

चुंबकफीत
अवघड आणि अशक्य यांत फरक असतो, काकू. १० फेब्रुवारी १९६० ला एनबीसी चॅनेलने कार्सनच्या आधीचा ‘टुनाइट’वाला जॅक पार याचा ‘वॉटर क्लोजेट’चा, म्हणजे संडासाचा विनोद टेपमधून उडवलाच ना? दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला, ७ मार्चला परतला. म्हणजे चॅनेलला कापता येत होतं, आणि निवेदकाला न विचारता.

बाकावरून
टेप राहू द्या. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातल्या भागावर कुणी बोलणार आहे का? तिसऱ्या सीझनचा शेवट या शेवटाहून दसपट भारी आहे आणि तिथे मिजची चूक सरळ आहे. गायक शायचा मॅनेजर रेजी याने ‘शायबद्दल बोल’ म्हटलं म्हणून ज्युडी गार्लंडच्या बुटांचे विनोद करून शाय समलिंगी असल्याचं सुचवायचं? तेही हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, शायच्या आपल्या माणसांसमोर? विमानतळावरच हाकललं ते बरंच झालं. आणि त्याच रात्री कृष्णवर्णीय विनोदकार मॉम्स मेबली मंचावर आहे, जी १९३९ पासून अपोलो गाजवत होती. तिला चार मिनिटंसुद्धा धड मिळत नाहीत.

निळी शाई
मेबलीबद्दल शंभर टक्के. हा धागा तिच्यावर हवा होता.

लेनीपंथी
आणि विनोदकार लेनी ब्रूस? शेवटच्या भागाची सुरुवात १९६५ चं सॅन फ्रान्सिस्को. माणूस मंचावर कोर्टाची कागदपत्रं वाचतोय, मिजची मॅनेजर सूझी मदत देऊ करते, तो नाकारतो. खरा लेनीसुद्धा असाच कागद वाचायला लागला होता. १९६४ मध्ये ग्रिनिच व्हिलेजच्या कॅफेत अटक, अश्लीलतेची शिक्षा, ३ ऑगस्ट १९६६ ला मृत्यू, न्यूयॉर्कची माफी २००३ मध्ये. आणि चाहत्यांची रड काय, तर मिज आणि लेनीचं लग्न का नाही लावलं! चौथ्या सीझनचा शेवट, ४ फेब्रुवारी १९६१ ची मध्यरात्र, बर्फात बुडालेलं शहर आणि कार्नेगी हॉलमधला लेनीचा कार्यक्रम, हे सगळं खरं घडलेलं. त्यातही लोकांना त्या दोघांची हॉटेलची खोलीच आठवते.

खडूस काकू
लेनीपंथी, वेगळा धागा काढा, मी येते. चुंबकफीत, पारचं ठीक. पण एनबीसीने त्या जागी काय लावलं?

चुंबकफीत
बातम्या.

खडूस काकू
बरोबर. म्हणजे भोक बुजवायला चॅनेलकडे दुसरा मजकूर होता. फोर्ड कार्यक्रमाच्या शेपटीला चार मिनिटं कापून काय लावणार? स्वतःचा चेहरा?

चुंबकफीत
तेवढा देखणा आहे खरा. बरं, मान्य, कापणं त्याला परवडलं नसतं. पण फेडरचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

निळी शाई
देणारही नाही. साउंडवाला मिजचा चाहता होता असं समजून पुढे जाऊ या.