बकनरला अजून किती वर्षं बोल लावणार?

डावखुरा:
बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी ती क्लिप टाकतंच. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. बॉस्टन रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू सुटतो, न्यूयॉर्क मेट्स ६-५ ने जिंकतात. खाली ठरलेलं वाक्य: 'याच्यामुळे सिरीज गेली.' मला हे साफ नामंजूर आहे.

सातांपैकी चार सामने जिंकायचे असतात, बॉस्टन ३-२ ने पुढे होतं. १९१८ नंतर त्यांना विजेतेपद मिळालं नव्हतं. सहाव्या सामन्यात दहाव्या, म्हणजे जादा इनिंगमध्ये त्यांनी ५-३ अशी आघाडी घेतली. मेट्सचे पहिले दोघं बाद. आता फक्त एक आउट हवा होता. तिथून कार्टर, मिचेल, नाईट यांचे ओळीने तीन सिंगल, म्हणजे पहिला बेस गाठून देणारे फटके. ५-४. पिचर (चेंडू फेकणारा) शिराल्डीला काढून स्टॅन्लीला आणलं, तर त्याची वाइल्ड पिच, म्हणजे भरकटलेली फेक, कॅचरच्या पलीकडे गेली आणि मिचेल पळत होम बेसवर आला, धाव झाली. ५-५. बकनरकडे तोवर चेंडू आलेलाही नव्हता!

क्वीन्सकर:
पूर्ण असहमत. बरोबरी झाली म्हणजे सामना गेला नव्हता. मूकी विल्सनने त्या खेळीतल्या दहाव्या पिचवर (फेकीवर) मारलेला तो संथ, टप्पे खात आलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूने अडवायलाच हवा. बकनर कच्चा नव्हता, कारकिर्दीत २७१५ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) आहेत त्याच्या. म्हणून तर जास्त लागतं.

डावखुरा:
त्याचे घोटे पार गेले होते, धड पळता येत नव्हतं. याच सिरीजमध्ये बॉस्टन आघाडीवर असताना शेवटच्या इनिंग्जना त्याच्या जागी राखीव खेळाडू स्टेपलटन उतरत होता. त्या रात्री मॅनेजर मॅकनमारांनी त्याला उतरवलं नाही. माझ्या मते सामना तिथे गेला. आठव्या इनिंगमध्येही तिन्ही बेस भरलेले असताना मेट्सचा डावखुरा पिचर ओरोस्को, ज्याच्यासमोर डावखुऱ्या बॅटरला अवघड जातं, त्याच्यासमोर डावखुरा बकनरच ठेवला, उजव्या हाताचा बेलर बाकावर बसून! बकनर झेल देऊन बाद.

तिसरा बेस:
बॉस्टनचा त्या दिवशीचा पहिला पिचर क्लेमेन्स, त्याला कसे विसरलात? सात इनिंग्ज टाकून ३-२ अशी आघाडी असताना तो बाहेर. मॅनेजर म्हणायचे, त्याने फोड आल्याचं सांगून स्वतःच बाहेर काढायला सांगितलं. क्लेमेन्स म्हणतो, असं काही नाही. आठव्यातच मेट्सनी बरोबरी केली. माझा राग स्टॅन्लीपेक्षा कॅचर गेडमनवर आहे. ती वाइल्ड पिच त्याने अंगावर घ्यायला हवी होती.

क्वीन्सकर:
मॅनेजरची चूक मान्य, पण म्हणून हातमोजा काही आपोआप वर उचलला जात नाही. क्लिप थांबवून बघा: चेंडू मोज्याखालून जातो. टप्पा शेवटी उठलाच नाही हेही खरं.

डावखुरा:
थांबवून बघितली, म्हणूनच सांगतो. बकनर बेसच्या बराच मागे उभा होता. विल्सन भन्नाट पळणारा, बकनरकडून चेंडू घ्यायला पिचर स्टॅन्लीने पहिल्या बेसवर यायचं, त्यालाही उशीर झालेला. चेंडू अडवला असता तरी विल्सन सेफ असता, असं मला वाटतं.

क्वीन्सकर:
असू दे सेफ! नाईट दुसऱ्या बेसवर होता, चेंडू सुटला म्हणून तो विजयाची धाव घेऊन गेला. चेंडू अडला असता तर तो फार तर तिसऱ्यावर थांबला असता. ५-५, दोन आउट, सामना चालू. फरक एवढाच, पण सगळा फरक तोच.

तिसरा बेस:
हा मुद्दा बरोबर. पण सातवा सामना बाकी होता ना? त्यातही बॉस्टन ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं. ते कुणाच्या पायांमधून गेलं?

क्वीन्सकर:
सातव्याचं खापर मी त्याच्यावर फोडत नाही. सहाव्याची ती एक चूक मात्र त्याचीच. २००८ मध्ये बॉस्टनच्या फेनवे मैदानावर त्याने मानाचा पहिला चेंडू टाकला, अख्खं मैदान उभं राहिलं, तेव्हा मेट्सवाला असून माझेही डोळे भरून आले. पण माझं मत बदललेलं नाही.

डावखुरा:
माझंही नाही. २०१९ मध्ये तो गेला तेव्हा किती बातम्यांच्या मथळ्यात तोच चेंडू होता. बावीस हंगाम खेळला हो तो माणूस.