मदत हवी आहे: बेस हायड्रॉलिसिसचा आलेख वाकतोय, हा काँज्युगेट बेसचा पुरावा मानू का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी क्लोरोपेंटाअमाइन कोबाल्टचं (कोबाल्ट +३, पाच अमोनिया, एक क्लोराइड) बेस हायड्रॉलिसिस (अल्कलीत क्लोराइड सुटून त्याजागी हायड्रॉक्साइड येणं) करतेय. दोन आठवडे एकाच आलेखापाशी अडकले आहे. इनऑरगॅनिक मेकॅनिझममधल्या जाणकारांनी कृपया बघा.

कृती साधीच आहे. कॉम्प्लेक्स १ मिलिमोलर, सोडियम हायड्रॉक्साइड १० ते ४० मिलिमोलर, तापमान २५ अंश. सेलमध्ये जांभळट लाल द्रावण, त्यात अल्कली, पटकन हलवायचं आणि ५५० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स लिहीत जायचं. आम्लात हाच क्लोराइड सुटायचा तर अर्धआयुष्य चार-पाच दिवसांचं. इथे १० मिलिमोलर हायड्रॉक्साइडला काही मिनिटांतच अर्धं काम होतं. आकडा डोळ्यांसमोर भराभर उतरतो, ते बघताना अजूनही अंगावर काटा येतो.

माझा गोंधळ असा. वेग कॉम्प्लेक्सच्याही प्रमाणात आणि हायड्रॉक्साइडच्याही प्रमाणात वाढतो. म्हणजे हायड्रॉक्साइड थेट कोबाल्टवर चाल करून क्लोराइडला ढकलतो, असंच कुणीही म्हणेल. पुस्तकात मात्र एसएन१सीबी दिलंय: हायड्रॉक्साइड आधी एका अमोनियाचा प्रोटॉन काढून घेतो, मग त्या काँज्युगेट बेसमधून (प्रोटॉन गमावलेल्या कॉम्प्लेक्समधून) क्लोराइड आपणहून सुटतो. त्या यंत्रणेच्या पूर्ण समीकरणात छेदात १ + के गुणिले हायड्रॉक्साइड असं पद येतं (के म्हणजे प्रोटॉन काढण्याच्या पायरीचा समतोल स्थिरांक), म्हणजे हायड्रॉक्साइड वाढवत नेलं की वेग हळूहळू सपाट व्हायला हवा.

आणि माझा वेग विरुद्ध हायड्रॉक्साइडचा आलेख खरंच वाकतोय! हायड्रॉक्साइड चौपट केलं तर वेग तिपटीच्याही किंचित खालीच राहतो. दोन्हींचे व्यस्त घेऊन काढलेली रेषा बऱ्यापैकी सरळ आली, त्यातून के साधारण १५ निघाला. एसएन१सीबी सिद्ध झालं असं लिहू का? सरांना दाखवण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातल्या सगळ्या आयनांचं भारानुसार एकत्रित माप) स्थिर ठेवली होती का? तुमच्या कृतीत दुसरं कुठलंच मीठ दिसत नाही.

धागाकर्ती

नाही ठेवली. सगळ्या द्रावणांत फक्त कॉम्प्लेक्स आणि अल्कली. त्याने एवढा फरक पडेल?

प्रतिसाद २

पडेल, आणि इथे तोच पडलाय असं मला वाटतं. तुमचा कॉम्प्लेक्स +२ भाराचा, हायड्रॉक्साइड −१. विरुद्ध भारांच्या आयनांमधली अभिक्रिया आयनिक स्ट्रेंथ वाढली की मंदावते, कारण भोवतालचे आयन त्यांचं परस्परांचं आकर्षण झाकतात. तुम्ही अल्कली वाढवलीत तेव्हा आयनिक स्ट्रेंथही सुमारे ०.०१३ वरून ०.०४३ वर गेली. आयनिक स्ट्रेंथचा परिणाम सांगणाऱ्या डिबाय-ह्युकेलच्या विस्तारित समीकरणात हे आकडे घाला: वेगस्थिरांक जवळजवळ पाऊणपट होतो. चौपटीचा पाऊण म्हणजे तीन. तुमचा सगळा बाक एवढ्यातच संपतो.

आता तुमचा के १५ खरा धरून बघा. ४० मिलिमोलर अल्कलीत एक तृतीयांशाहून जास्त कॉम्प्लेक्स प्रोटॉन गमावून बसलेलं असायला हवं. मग अल्कली टाकल्याक्षणी, क्लोराइड सुटण्याच्या आधीच, रंग झटकन बदलायला हवा होता. पहिलं रीडिंग शून्य वेळेकडे मागे नेलं तर मूळ कॉम्प्लेक्सच्याच ॲब्सॉर्बन्सवर येतं ना? कॉम्प्लेक्समधल्या अमोनियाचे प्रोटॉन इतके क्षीण आम्लधर्मी आहेत की तुमच्या पट्ट्यात ते छेदातलं पद एकाच्या पुढे जाणवूच नये. रेषा सरळ यायला हवी, आणि सरळ रेषेवरून दोन्ही यंत्रणांत फरक करता येत नाही. व्यस्तांची रेषा सरळ आली यावरही विसंबू नका. इतक्या अरुंद पट्ट्यात कुठलाही सौम्य बाक तसाच दिसतो.

सोडियम परक्लोरेट घालून एकूण स्ट्रेंथ ०.१ मोलर ठेवा आणि पुन्हा करा. फक्त उरलेली द्रावणं वाळवू नका, अमाइन कॉम्प्लेक्सची परक्लोरेटं कोरडी झाली की स्फोटक असतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. आजच पुन्हा केलं. रेषा सरळ आली, शून्याजवळून जाते, आणि मागे नेलेलं रीडिंग मूळ कॉम्प्लेक्सचंच आहे. के १५ वहीतून खोडला.

पण मग एसएन१सीबी लोकांनी मानलं कशावरून? रेट लॉ (वेगाचं समीकरण) तर दोन्हीकडे सारखाच.

प्रतिसाद २

हा खरा प्रश्न. काँज्युगेट बेसची कल्पना गॅरिक यांनी १९३७ साली मांडली, पण ती पटायला पुढे बरीच वर्षं आणि बरेच वेगवेगळे प्रयोग लागले. रेट लॉ तुम्हाला ट्रान्झिशन स्टेटमध्ये (अभिक्रियेच्या ऊर्जेच्या शिखरावरच्या अवस्थेत) काय काय आहे एवढंच सांगतो. ते कुठे बसलंय, हे दुसरीकडून काढावं लागतं.

मला सगळ्यात आवडणारा पुरावा पिरिडीनचा. अमोनियाच्या जागी चार पिरिडीन असलेला ट्रान्स-डायक्लोरो कोबाल्ट कॉम्प्लेक्स घ्या. पिरिडीनच्या नायट्रोजनवर काढायला हायड्रोजनच नाही. तिथे हायड्रॉक्साइड वाढवलं तरी वेग जवळजवळ ढिम्म. थेट चाल होत असती तर तिथेही झाली असती.

दुसरं, तुमच्या कॉम्प्लेक्समधल्या अमोनियाचे हायड्रोजन अल्कलीत जड पाण्याच्या ड्युटेरियमशी क्लोराइड सुटायच्या कितीतरी आधी अदलाबदल करतात. म्हणजे प्रोटॉन जातो-येतो ही कल्पना नव्हे, ते मोजलेलं आहे. आणि बाकीचे ॲनायन, अगदी ॲझाइडसारखे चांगले न्यूक्लिओफाइलसुद्धा (इलेक्ट्रॉनजोडी देऊन थेट चाल करणारे), असा वेग देत नाहीत. देतो तो फक्त हायड्रॉक्साइड, कारण त्याचं इथलं काम बेसचं आहे.

प्रतिसाद ३

यात ॲझाइडचा स्पर्धेचा प्रयोगही जोडा. बेस हायड्रॉलिसिस ॲझाइडच्या उपस्थितीत केलं तर क्लोराइड सुटण्याचा वेग तसाच राहतो, पण उत्पादनात थोडा ॲझाइडो कॉम्प्लेक्सही मिळतो. वेग ठरवून झाल्यावर कुणीतरी मधल्या पाच-लिगंडवाल्या (पाचच गट जोडलेले उरलेल्या) कोबाल्टला पकडतंय, असाच त्याचा अर्थ लागतो. प्रोटॉन गेल्यावर उरलेला अमाइडो गट आपली इलेक्ट्रॉनजोडी कोबाल्टकडे वळवून त्या मधल्या रूपाला सावरतो. शिवाय भार +२ चा +१ झाल्याने क्लोराइडची पकडही सैल होते.

धागाकर्ती

ॲझाइडचा प्रयोग मला जमेल का? आमच्याकडे सोडियम ॲझाइड आहे.

प्रतिसाद ३

जमेल, पण सरांना सोबत घेऊनच करा. ॲझाइडचं द्रावण आम्लाजवळ नेऊ नका, विषारी हायड्रॅझोइक आम्ल निघतं. बेसिनमध्येही ओतू नका, नळात तांबं किंवा शिसं असेल तर त्यांची ॲझाइडं स्फोटक असतात. वेगळी, लेबल लावलेली, अल्कलीयुक्त टाकाऊ बाटली आधी तयार ठेवा आणि मगच पिपेट हातात घ्या.