शहर नियोजनाच्या कल्पना देशोदेशी पोचतात तरी कशा?

नकाशावेडा: परीक्षेसाठी वाचतोय. जिथे बघावं तिथे एकच वाक्य: संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक यांनी नियोजनाच्या कल्पनांचा 'प्रसार केला'. म्हणजे नेमकं केलं काय? संयुक्त राष्ट्रांच्या वस्ती आणि शहरांवरच्या परिषदा, व्हँकुव्हर १९७६, इस्तंबूल १९९६, कीटो २०१६, तोंडपाठ आहेत. पण तिथे ठराव झाले म्हणून शहरं बदलली, हे काही पटत नाही.

जुना आराखडेवाला: ठराव ठेव बाजूला. माणसं कुठून कुठे गेली ते बघ. ओटो कोनिग्सबर्गर घे. नाझींमुळे जर्मनी सुटला, म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद झाला, मग स्वतंत्र भारताचा गृहनिर्माण संचालक, नंतर लंडन. १९५४-५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पथकातून गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेला. सोबत अमेरिकेचा गृहनिर्माण तज्ज्ञ चार्ल्स अब्राम्स. तिथे लोक मातीच्या भिंती आपल्या हातांनी उभारायचे, पण छपराला रोकड लागायची आणि घर तिथेच अडायचं. यांनी सुचवलं, छपरापुरतं कर्ज द्या! इतकं जमिनीवरचं शहाणपण अहवालांत क्वचितच सापडतं. १९६३ ला हेच दोघं, जपानी तज्ज्ञ सुसुमु कोबेसह, सिंगापूरला. सल्ला असा: मधलं पाणलोट क्षेत्र राखा, भोवती वस्त्यांचं कडं करा. १९७१ च्या आराखड्यात ते कडं दिसतंच.

ताळेबंद: माणसांचं कौतुक पुरे, पैशाचं बोला. १९७२ मध्ये जागतिक बँकेने सेनेगलच्या राजधानीसाठी, डाकारसाठी, कर्ज दिलं: आखलेले भूखंड, पाणी, रस्ते सरकारचे, घर ज्याचं त्याने बांधायचं. पुढे हाच साचा कितीतरी देशांत गेला. कर्ज पाहिजे तर साचाही घ्या. याला प्रसार म्हणायचं?

जुना आराखडेवाला: अर्धं मान्य. पण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराचं काय? महापालिकेचा पैसा कुठे घालायचा हे वस्त्यांच्या सभांनी ठरवायचं, ही रीत तिथे १९८९ ला सुरू झाली, ती काही बँकेने शिकवली नव्हती. १९९६ ला इस्तंबूलमध्ये तिला उत्तम नमुना म्हणून गौरवलं, मग बँकही तिची शिफारस करू लागली. म्हणजे ठराव नाही, पण नमुन्यांची यादी कामाला आली. मात्र वाटेत कल्पना आटतात. पॅरिसने २०१४ मध्ये हे आणलं ते गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपुरतं.

नकाशावेडा: मग उत्तरात ठराव एका ओळीत उरकतो आणि छपरावर पानभर लिहितो. काका, आभार.

ताळेबंद: डाकारला निदान अर्धं पान दे रे.