‘ऑर्डिनन्स’ मोडला म्हणजे नक्की काय मोडलं?

गवतवाली: एक अडलंय. बाबा सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. परवा गावच्या पालिकेचं पत्र आलं: अंगणातलं गवत वाढलंय, हा लोकल ऑर्डिनन्सचा भंग आहे, दहा दिवसांत कापा, नाहीतर म्युनिसिपल कोर्टाचं समन्स येईल. मी बाबांना म्हटलं, “अध्यादेश मोडला म्हणतायत.” बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. चष्मा पुसत विचारतात, “गवतासाठी राज्यपालांनी अध्यादेश काढला?” तर मंडळी, नेमका शब्द कोणता? आणि याला गुन्हा म्हणायचं का?

खटलेवाला: बाबांना नमस्कार सांगा, बरोबर बोलले. अध्यादेश म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन नसताना राज्यपाल अनुच्छेद २१३ खाली काढतात तो. अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपला. तुमच्याकडचा ऑर्डिनन्स गावच्या कौन्सिलनं केलेला, रद्द होईपर्यंत चालणारा. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द उपविधी. मुंबईत रस्त्यावर थुंकायला २०० रुपये लागले ते बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी, २००६ खाली.

कोपरखळी: उपविधी म्हटलं की मला भटजी पळीनं पाणी सोडताना दिसतात.

शुद्धाक्षरी: मग पोटनियम म्हणा! सहकारी संस्थांच्या जुन्या कागदांत हाच शब्द असायचा. आता वार्षिक सभेत सगळे ‘बायलॉज, बायलॉज’. महापौर हा सावरकरांचा शब्द, आज कुणाला खटकतो का?

कोपरखळी: पोटनियम म्हणजे जेवणाच्या वेळा ना?

एडिसनकर: शब्दाचं होईल ते होवो, ताई, आधी गवत कापा. आलंय ती नुसती सूचना. मुदतीत कापलंत तर बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही कापलंत तर न्यायाधीशापुढे उभं राहावं लागेल. न्यू जर्सीत पालिकेला ऑर्डिनन्स मोडल्याबद्दल २,००० डॉलरपर्यंत दंड आणि ९० दिवसांपर्यंत कैद ठेवता येते. गवतासाठी कुणी आत गेलेला मी तरी पाहिला नाही. चोरी-मारामारीच्या पंगतीत मात्र हे बसत नाही, म्हणून गुन्हा म्हणू नका. बाबांची झोप उडेल.

खटलेवाला: कायद्याच्या मराठीत अपराध म्हणतात. फाइनला दंड, पेनल्टीला शास्ती. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना शास्ती शब्द कोशातून नाही, घरपट्टीच्या बिलातून कळला. अनधिकृत बांधकामावरचा शास्तीकर!

शुद्धाक्षरी: शास्ती अस्सल आपला. शास् धातू: शासन, शास्त्र, शिस्त.

जुनी वही: शिस्त त्यात घुसवू नका. ती फारसी. मूळ अर्थ नेम. शिस्त धरून बंदूक मारत.

शुद्धाक्षरी: कोशकार म्हणाले म्हणून?

जुनी वही: हो, म्हणूनच. आणि गुन्हा शब्दाला एवढं घाबरायचं कारण नाही. पेशवाईत दावा जिंकणाऱ्यानं सरकारात भरायची ती हरकी, आणि हरणाऱ्यानं भरायची ती गुन्हेगारी. म्हणजे गुन्हेगारी ही मोजून द्यायची रक्कम! त्या हिशेबानं गवतवालीताई गुन्हेगारी भरणार आहेत.

गवतवाली: हे मी बाबांना मुळीच सांगणार नाही.

दुचाकीवरून: तुम्ही सगळे कागदावरचं बोलताय. माझ्याकडून एवढे नियम मोडले गेले, पण “आपण उपविधीचा भंग केला आहे” असं आजवर एकानंही म्हटलं नाही. “पावती फाडू का?” एवढाच प्रश्न. आपण म्हणायचं, “साहेब, समज देऊन सोडा.” पावती फाटली तर सरकारजमा. न फाडता मिटलं तर त्याला काय म्हणायचं, ते शुद्धाक्षरींनी सांगावं.

शुद्धाक्षरी: त्यालाही संस्कृत शब्द आहे. उत्कोच.

खटलेवाला: पावतीचं मात्र नीट समजून घ्या. जागेवर पैसे भरले म्हणजे कोर्टानं दोषी ठरवलं असं नाही. खटला टाळायला भरलेलं ते तडजोड शुल्क. सगळे त्याला दंडच म्हणतात, माझे अशीलही.

वऱ्हाडची सून: दंडावरून आठवलं. आजीचं लुगडं मधोमध विरलं की ती तेवढा भाग कापून काढायची आणि उरलेले दोन तुकडे जोडायची. त्याला दंड घालणं म्हणायची. हाच का तो दंड?

कोपरखळी: लुगड्यानं कुठला नियम मोडला होता?

जुनी वही: आमच्याकडे दांड घालणं म्हणत. काठीच्या दांड्यासारखी आडवी शिवण दिसते, म्हणून असावं.

वऱ्हाडची सून: नाही हो, दंडच. माझ्या कानात बसलाय.

गवतवाली: गवत बाबांनीच काल कापलं, शेजाऱ्याचं मशीन मागून आणून. मूळ प्रश्नाचं काय झालं कुणास ठाऊक. बाबांच्या मते “हुकूम मोडला” एवढं पुरे. पण आता ते माझ्या खांद्यावरून इथलं वाचतायत आणि म्हणतायत, दांडच. त्यांची आई दांडच म्हणायची.